एक द की दोन?

नातीने फ्रेंच घेऊन एम.ए.ला प्रवेश घेतला तेव्हा मला वाटलं, आता घरात पॅरिस आणि व्हिक्टर ह्यूगो यांचं राज्य येणार. परवा बघते तर तिच्या टेबलावर उघडं पडलेलं पुस्तक सेनेगलचं! म्हटलं, "अगं, हा आफ्रिकेतला देश ना?" तर म्हणाली, "आजी, फ्रेंच काय फक्त फ्रान्सची आहे? फ्रँकोफोन साहित्याचा वेगळा पेपर आहे आम्हाला." मग तिच्याकडून ऐकत, थोडं इकडंतिकडं वाचत मी लेओपोल सेंगोर या गृहस्थांपाशी येऊन पोचले आणि तिथेच अडकले. कारण हा माणूस आधी व्याकरणाचा मास्तर आणि मग राष्ट्राध्यक्ष. आमच्याच जातकुळीचा की!

सेंगोर १९०६ साली सेनेगलमधल्या जोआल या किनाऱ्यावरच्या गावात जन्मले. घरची भाषा सेरेर. फ्रेंच शिकले ते मिशनच्या शाळेत. १९२८ साली शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले, पुढे सोरबॉनमध्ये फ्रेंच साहित्य शिकले, बोदलेरच्या कवितेवर प्रबंध लिहिला. फ्रान्समध्ये वरच्या शाळांत शिकवणाऱ्यांसाठी आग्रेगासिओं नावाची फार अवघड स्पर्धा परीक्षा असते. तिला बसायचं म्हणून त्यांना आधी फ्रेंच नागरिकत्व घ्यावं लागलं. पहिल्या खेपेला नापास झाले. १९३५ साली व्याकरण विषयात पास झाले, आणि असं यश मिळवणारे ते पहिले आफ्रिकन. मग तूर या गावच्या शाळेत फ्रेंच मुलांना फ्रेंच आणि लॅटिन शिकवू लागले. राज्यकर्त्यांच्या पोरांना त्यांचीच भाषा शिकवायची, आणि चुकलं की त्यांच्या वह्यांवर खुणा करायच्या! मला हे चित्र डोळ्यांपुढे आणायला फार आवडतं.

गंमत म्हणजे याच अभ्यासाने त्यांना आफ्रिकेकडे वळवलं. पॅरिसमध्ये मार्तिनिक बेटावरून आलेला एमे सेझेर हा विद्यार्थी त्यांचा मित्र झाला. १९३५ साली या मंडळींनी 'काळा विद्यार्थी' अशा अर्थाच्या नावाचं नियतकालिक काढलं आणि आपल्या काळेपणाची लाज नव्हे, अभिमान बाळगायचा, असं मांडलं. ते मांडलं मात्र फ्रेंचमधून. सेंगोर पॅरिसमध्येच आफ्रिकी भाषांच्या वर्गांनाही जात. १९३७ साली डाकारला येऊन त्यांनी भाषण केलं की, आपल्या मुलांना फ्रेंचबरोबर त्यांच्या स्वतःच्या भाषेतूनही शिकवा. फ्रेंचमध्ये एवढ्या उंचीवर पोचलेला माणूस असं बोलेल हे ऐकणाऱ्यांना अनपेक्षित होतं.

इथपर्यंत सगळं छान.

१९६० साली सेनेगल स्वतंत्र झाला, सेंगोर राष्ट्राध्यक्ष झाले, राज्यकारभाराची भाषा फ्रेंचच राहिली. पण वोलोफ, सेरेर वगैरे भाषा कशा लिहायच्या याचे नियम १९७१ साली सरकारी हुकुमाने ठरले. आणि मग आला ऊस्मान सेंबेन. हा कॉलेजची पायरी न चढलेला, मार्सेच्या गोदीत हमाली केलेला माणूस. आधी फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहिल्या, पण आपल्या बहुतेक लोकांना त्या वाचताच येत नाहीत म्हणून सिनेमाकडे वळला आणि वोलोफमध्ये सिनेमे काढू लागला. १९७७ साली त्याने 'चेद्दो' काढला. परक्या धर्माला आणि सत्तेला न जुमानणाऱ्या लोकांची गोष्ट. सरकारने तो देशात दाखवू दिला नाही. कारण काय दिलं? नावात दोन 'द' आहेत, नियमाप्रमाणे एकच हवा!

सेंबेनने 'द' काढला नाही. खरं कारण सिनेमातली टीका हेच असावं, असं पुष्कळांना वाटतं. मलाही वाटतं. पण सेंगोरांना तो जास्तीचा 'द' मनापासून खुपत असणार, हेही मी पैजेवर सांगेन. मी त्या जागी बसलेली आहे ना!

मी सहावीसातवीत होते तेव्हा, १९६२ साली, मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम आले. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. काल बरोबर होतं ते आज चूक! तरी पुढे बाई झाल्यावर ऱ्हस्वदीर्घावरून मार्क कापताना माझा हात कधी थरथरला नाही. एका मुलीने आजीच्या मरणावर निबंध लिहिला होता. घरात बोलतात तसा, जसा सुचला तसा. मी अकरा ठिकाणी लाल गोल केले आणि दहापैकी तीन दिले. निबंध वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिला सांगितलं नाही. त्या वर्षी तिने दुसरा निबंध दिलाच नाही. पुढे ती काय लिहीत असेल, लिहीत असेल की नाही, मला ठाऊक नाही.

असो. सेंगोर १९८० च्या अखेरीस आपणहून पायउतार झाले आणि १९८३ साली फ्रेंच अकादमीवर निवडून गेले. फ्रेंचचा अधिकृत शब्दकोश तयार करणारी ती मंडळी. तिथे गेलेले ते पहिले आफ्रिकन.

नातीने काल मला कॉम्प्युटरवर सेंबेनच्या त्या सिनेमाचं पोस्टर दाखवलं. मी चष्मा पुसून नीट बघितलं. दोन 'डी' आहेत.