वनमजुरी : चंद्रपूर-गडचिरोली

चंद्रपूर आणि 1982 साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, या जिल्ह्यांतील जंगलावर आधारलेले हंगामी श्रम. खरिपाचा धान निघाला की शेतीतले काम आटते. मग मार्चच्या सुमारास मोहफुले, आणि एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता. पहाटे पाने तोडायची, घरी आणून 70 पानांचा एक पुडा बांधायचा आणि फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचा. हे काम घरातले सगळेच करतात, पण पुडे बांधण्याचा मोठा भार बायकांवर असतो. वाघाच्या हल्ल्याची भीती असतानाही पहाटेची ही खेप चुकत नाही, कारण या काही आठवड्यांच्या पैशांतूनच बियाणे, लग्न, कर्जफेड भागवायची असते.

बांबू पूर्वी वनखात्याच्या व बल्लारपूरच्या कागद गिरणीच्या व्यवहारात अडकलेला होता. तो तोडणारा गावकरी निव्वळ मजूर. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात आला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 मध्ये वाहतूक परवान्याचे अधिकार ग्रामसभेकडे आले आणि गावाने स्वतः बांबू विकला. मजुराचा विक्रेता होणे, हा या प्रदेशातील रोजगाराचा सर्वांत मोलाचा बदल होय.

जंगलाबाहेरचा रोजगार म्हणजे चंद्रपुरात कोळसा खाणी, वीज व सिमेंट. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडची लोहखनिज खाण. या खाणी-कारखान्यांत कायम नोकरी थोडी, कंत्राटी कामच अधिक. उरलेले मजूर मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात.