वेशींतून गेलेला राजरस्ता

राजांचा इतिहास लिहितांना त्यांच्या लढाया, तह आणि मृत्युतिथि यांची नोंद काळजीपूर्वक होते. पण ज्या वाटांनीं त्यांचीं सैन्यें गेलीं, आणि सैन्यें परतल्यावर ज्यांवरून व्यापाऱ्यांचे तांडे, यात्रेकरू व डाकेचे जासूद चालत राहिले, त्या वाटांची आठवण क्वचितच कोणी करतो. एखादा रस्ता मागें पडला, कीं त्याची निंदा मात्र सर्वांच्या तोंडीं राहते: तो अरुंद होता, वळणावळणांचा होता, जिवावरचा होता. ही निंदा खोटी नव्हे. तथापि तो तसा कां होता, असें विचारल्यास पुष्कळ वेळां दिसून येतें, कीं आज ज्याला आपण दोष म्हणतों, तो कोणे एके काळीं मुद्दाम जोपासलेला गुण होता. लासूर स्टेशनच्या आसपासचा प्रदेश हें पाहण्यास फार सोयीचा आहे. कारण रस्त्यांच्या अनेक पिढ्या येथें थोड्याशा अंतरांत एकमेकींच्या शेजारीं पडलेल्या आहेत.

लासूर नांवाच्या वस्त्या दोन. शिवना नदीच्या कांठचें, दाक्षायणी देवीच्या देवळामुळें दूरवर ठाऊक असलेलें जुनें लासूर वैजापूर तालुक्यांत आहे. आगगाडीनें जन्मास घातलेलें लासूर स्टेशन गंगापूर तालुक्यांत मोडतें. मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग सन १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यांत सुरू झाला, आणि त्याच्या आधारानें ही पेठ वाढली. त्यापूर्वीं या भागांत रस्ता म्हणजे चाकोरी. काळ्या जमिनींत गाड्यांचीं चाकें वर्षानुवर्षें एकाच ओळीनें जाऊन जे खोल चर पडत, त्यांसच चाकोरी म्हणत. एकदां चाक तींत पडलें, म्हणजे गाडीवानास इकडेतिकडे वळण्याची मुभा उरत नसे. समोरून दुसरी गाडी आली, तर दोघांपैकीं एकानें मोठ्या कष्टानें आपली गाडी बाहेर काढावी, याशिवाय गति नसे. पावसाळा लागला, कीं तीही वाट चिखलांत बुडे. आज आपण चाकोरी हा शब्द आयुष्याच्या ठराविक रहाटीस लावतों. त्या शब्दामागें रुतलेली गाडी मात्र विसरून गेलों आहों.

लोहमार्ग होण्यापूर्वीं ज्यांना मुंबईकडून औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, यावयाचें असे, ते ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें नांदगांवास उतरत, आणि तेथून टांग्यानें वेरूळ, खुलताबाद व दौलताबाद या मार्गानें शहर गांठीत. वेरूळचीं लेणीं पाहण्यास आलेले युरोपियन प्रवासीही याच वाटेचे. या राजरस्त्यावर दोन जागा अशा होत्या, कीं तेथें प्रवाशानें जपूनच जावें: एक खुलताबादेहून दौलताबादेस उतरणारा घाट, आणि दुसरी दौलताबादच्या तटाची वेस.

देवगिरीस यादवांची राजधानी झाली ती बाराव्या शतकाच्या अखेरीस. महंमद तुघलकानें तिला दौलताबाद हें नांव देऊन दिल्लीची प्रजा येथें आणली ती १३२७ च्या सुमारास. डोंगराभोंवतीं कालांतरानें एकाबाहेर एक असे तट उठले, आणि नगर सर्वांत बाहेरच्या तटाच्या आंत नांदूं लागलें. नगर तटाच्या आंत, म्हणून औरंगाबादेकडून येणारी वाटही तटांतून आंत शिरते, आणि खुलताबादेकडे जातांना पुन्हां तटांतूनच बाहेर पडते. त्या बाजूच्या वेशीस दिल्ली दरवाजा म्हणतात.

अशी वेस बांधणाऱ्याची दृष्टि नीट समजून घेतली पाहिजे. दरवाजा रुंद ठेवला, तर शत्रूचे स्वार फळी धरून आंत घुसतील. समोरची वाट सरळ ठेवली, तर कवाडावर घालावयाच्या हत्तीस धांव घेण्यास जागा मिळेल. म्हणून तट बांधणारे तोंड अरुंद ठेवीत, वाट वांकडी करीत, आणि कवाडांस लोखंडी अणकुच्या ठोकीत. दौलताबादच्या आंतल्या भागांत तर ही युक्ति पराकोटीस गेली आहे. तेथें खोल खंदक ओलांडल्यावर, डोंगर कोरून केलेल्या काळोख्या वाटेनें चढावें लागतें. तीस अंधारी असें यथार्थ नांव आहे. येणाऱ्याचा वेग मोडावा, त्यानें एकएकटें यावें, आणि आंतल्यांस त्याचा चेहरा दिसावा, हाच या सर्व रचनेचा हेतु होता. थोडक्यांत, ती वाट धोक्याची असावी म्हणूनच तशी बांधली होती.

घाटाची कथा याहून निराळी. तेथें कोणी तरी प्रवाशाचे कष्ट हलके करण्याची खटपट केली होती. औरंगजेबाच्या दरबारांतील एका मानकऱ्यानें या चढावर फरसबंदी करविली, आणि तिची आठवण म्हणून तेथें उंच स्तंभ उभारले, अशी माहिती जुन्या प्रवासपुस्तकांत येते. फरसबंदीनें चिखल गेला, तरी चढ होता तेवढाच राहिला. माल भरलेल्या गाडीस चढावर जादा बैल जुंपावे लागत, आणि उतारावर ती मागून धरून ठेवावी लागे. बैलाच्या चालीला हें सर्व सोसत होतें. वेशींतून गाडी जातांना दुसरी बाहेर थांबे. तेवढ्यांत बैलांना विसांवा मिळे, आणि कोणाचें फारसें बिघडत नसे.

बिघडलें तें चाकाखालचा वेग बदलला तेव्हां. निजाम सरकारच्या रेल्वेनें १९३२ सालीं २७ गाड्यांनिशीं मोटार-वाहतुकीचें खातें काढलें. पुढें १९४८ त हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें, १९५६ त मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि हाच मार्ग धुळें-सोलापूर या मोठ्या रस्त्याचा एक भाग होऊन बसला. उत्तर हिंदुस्थानांतून दक्षिणेकडे जाणारे अवजड ट्रक, एसटीच्या मोटारी आणि लेणीं पाहण्यास निघालेल्या सहली, या सर्वांना आतां तीच वेस. एका वेळीं एकच मोठें वाहन तिच्यांतून जाई. दोन्हीं बाजूंस रांगा लागत. आणि ट्रकचा माथा कमानीस घांसेल काय, या विवंचनेंत चालक इंच-इंच पुढें सरके. शत्रूसाठीं मांडलेला पेंच अशा रीतीनें कित्येक दशकें निरपराध वाटसरूंना भोंवला.

अशाच अडचणीचा निकाल बोरघाटांत निराळ्या रीतीनें लागला. तेथील चाकांच्या गाड्यांचा रस्ता सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत १८३० सालीं खुला झाला, आणि त्याच वेळचा एक दगडी पूल पुढें अमृतांजन पूल म्हणून सर्वांच्या परिचयाचा झाला. द्रुतगति-मार्ग झाल्यावर त्या पुलाचे खांब नव्या वाहतुकीच्या वाटेंत येऊं लागले, आणि एप्रिल २०२० मध्यें तो सुरुंगानें पाडण्यांत आला. दौलताबादेस वेस राखून रस्ताच बाजूस नेला: चौपदरी धुळें-सोलापूर महामार्ग किल्ल्यास व घाटास बगल देऊन माळीवाडा, कसाबखेडा या बाजूनें वेरुळाकडे जातो. आमच्या मतें हा दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा. तथापि त्याच महामार्गावर, कन्नड व चाळीसगांव यांच्यामधील औट्रम घाटांत निसर्गानें एवढी सवड दिली नाहीं. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीनें तेथें दरडी कोसळून मार्ग बंद पडला, आणि २०२३ सालीं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें अवजड वाहनांस तो घाट बंद केला.

लासूर स्टेशनच्या बाजूनें औरंगाबादेस जाणारा जुना मुंबई-नागपूर रस्ता घाटाचा नव्हे. त्याचा धोका सपाटीचा. डांबराची पट्टी अरुंद. समोरून वाहन आलें, कीं एक चाक साइडपट्टीवर उतरवावें, आणि पावसाळ्यांत तीच पट्टी निसरडी. उंसाचे ट्रॅक्टर, कांद्याच्या गाड्या, बाजारास निघालेल्या सायकली आणि भरधांव ट्रक या सर्वांना तेवढ्यांतच भागवावें लागे. या रस्त्यावरील लांबचा भार हलका करणारा समृद्धि महामार्ग नागपूर ते शिर्डी असा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजीं त्याची ७०१ किलोमीटरांची सर्व लांबी पुरी झाली. सहा पदरांच्या या मार्गावर मोटारींस ताशीं १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. चौक नाहींत, वेशी नाहींत, वळणें सौम्य. असें असतांही १५ ऑक्टोबर २०२३ च्या रात्रीं, वैजापूर तालुक्यांतील जांबरगांवानजीक, यात्रेहून परतणाऱ्यांची एक लहान बस ट्रकवर आदळून १२ माणसें दगावलीं. जुन्या रस्त्यावर संकट समोरून येई, आणि तें येणार हें ठाऊक असल्यामुळें माणूस सावध असे. नव्या रस्त्यावर पुढें तासन् तास कांहींच येत नाहीं, आणि त्या निश्चिंतपणाच्या पोटीं झोंप व वेग हीं दोन संकटें वाढतात. रुंदीनें एक भय गेलें. दुसरें वाहनाच्या आंत येऊन बसलें.

आणखी एक गोष्ट वाचकांच्या नजरेस आणणें आम्हांस अवश्य वाटतें. समृद्धि महामार्गावर दुचाकीस, तीनचाकीस, ट्रॅक्टरास वा बैलगाडीस मज्जाव आहे. त्या वेगांत त्यांना तेथें थारा नसावा हें योग्यच. परंतु त्याचा अर्थ असा, कीं लासूर स्टेशनच्या बाजारास येणारा शेतकरी, शाळेंत जाणारीं मुलें आणि देवीच्या दर्शनास निघालेली मंडळी जुन्याच रस्त्यावर राहिलीं. नवा मार्ग झाला, कीं जुना बदलला असें आपण बेलाशक म्हणतों. बदलतो तो लांबच्या प्रवाशापुरता. ज्यांचें जाणेंयेणें दहापांच कोसांचें आहे, त्यांचा राजरस्ता तोच. तेव्हां नव्याच्या कौतुकांत जुन्याच्या साइडपट्ट्या, मोऱ्यांचे कठडे आणि वळणांवरचीं झुडपें यांकडे दुर्लक्ष झालें, तर धोका नाहींसा झाला असें होणार नाहीं. तो केवळ सधनांच्या वाटेवरून निघून गरिबांच्या वाटेवर मुक्कामास राहील. वेस अरुंद ठेवणाऱ्यांस निदान एवढें तरी ठाऊक होतें, कीं आपण हा धोका कोणासाठीं राखून ठेवीत आहों.