हे कशात आहे?

विजय नगरातल्या आमच्या घरी दुपारी नातू हिंदी गोष्टींचं पुस्तक घेऊन पालथा पडलेला असतो. मराठी पुस्तक पुढे केलं की मात्र विचारतो, "आजी, हे कशात आहे?" म्हणजे कुठल्या विषयात. कुठल्याच नाही.

एके काळी जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. राजधानी नागपूरला, आणि हिंदी-मराठीची शेजारधर्माची वस्ती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं. उच्च न्यायालय इकडे आलं, मराठी मात्र घरात शिरून बसली. आमच्या पोरांना मराठी वाचायला एकच कारण उरलं, मजा.

आणि मजेसाठी वाचणं मराठीलाही उशिराच सुचलं. १८७३ चा 'बालबोधमेवा' अमेरिकन मिशनचा. मेव्याबरोबर धर्माची शिकवण होतीच. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ पासून १९१४ मध्ये जाईपर्यंत 'बालबोध' चालवला. चरित्र, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती, सगळं नेमानं. मला ओकांविषयी फार आदर आहे, पण त्यांच्यासमोरचं मूल ताठ बसलेलं वाटतं. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांनी मासिकाचं नावच 'आनंद' ठेवलं. उपदेश त्यातही होता. तरी मुखपृष्ठावर तो शब्द आला. पुढे १९५१ मध्ये भा. रा. भागवतांनी (जन्म इंदूरचा, म्हणजे आमच्याच बाजूचे!) 'बालमित्र' काढला. त्यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, फुरसुंगीच्या फास्टर फेणेला सायकलवर बसवलं. तो पोरगा कुणाला काही शिकवायला निघालेला नव्हता.

माझं स्वतःचं वाचन मात्र 'चांदोबा'वर झालं. १९४७ मध्ये मद्रासला तेलुगू-तमिळमध्ये सुरू झालेलं हे मासिक अनेक भाषांत निघू लागलं, चित्रं तीच. शेजारी हिंदी 'चंदामामा' यायचा, आमच्याकडे 'चांदोबा'. आम्ही दोघी मैत्रिणी ओसरीवर दोन्ही अंक शेजारी-शेजारी उघडून बसायचो. चित्र एक, खाली शब्द वेगळे. तिच्याकडे 'बेताल', माझ्याकडे 'वेताळ'. अशी ती मराठी वाचायला लागली. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

हे सगळं माहीत असूनही मी नातवाला रोज एक पान मोठ्यानं वाचायला लावत होते, वर शुद्धलेखनही. त्याची काय चूक?

परवा ट्रंकेतले जुने अंक काढून दिवाणावर ठेवले आणि स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळानं आतून ऐकू आलं, तो धाकट्या बहिणीला राजाच्या खांद्यावरचं प्रेत दाखवत होता.

"हा वेताल आहे."

ओठावर आलेला ळ मी गिळला आणि कणीक मळत राहिले.