दहा हजार मुलांचे डोळे

संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर वाचल्याने डोळे बिघडतात का, हा प्रश्न पालकसभेत आता हमखास विचारला जातो. प्रश्न नवा वाटतो, पण त्याचे वय दीडशे वर्षांहून अधिक आहे. पूर्वी ‘पडद्या’च्या जागी ‘पुस्तक’ हा शब्द होता, एवढेच.

१८१३ साली लंडनचे नेत्रवैद्य जेम्स वेअर यांनी एक निरीक्षण नोंदवले. राजाच्या पायदळातील सुमारे दहा हजार सैनिकांत वीस वर्षांच्या काळात लांबचे न दिसणारे अर्धा डझनही सापडले नव्हते. ऑक्सफर्डच्या एका महाविद्यालयात मात्र १२७ जणांपैकी ३२ जण भिंग किंवा चष्मा वापरत होते. पण सैनिक आणि विद्वान यांच्यात फरक हजार प्रकारचे. एवढ्यावरून काही सिद्ध होत नव्हते.

पद्धतशीर मोजणी केली ती हेरमान कोन या तरुण जर्मन नेत्रवैद्याने. गाव ब्रेस्लाउ, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफ. १८६५-६६ मध्ये त्याने गावातील आणि आसपासच्या खेड्यांतील १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासले आणि १८६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेड्यातील शाळांत निकटदृष्टी मुले १.४ टक्के, शहरातील प्राथमिक शाळांत ६.७, त्यावरच्या शाळांत १०.३, मग १९.७, आणि विद्यापीठाची तयारी करून घेणाऱ्या ‘गिम्नाझियम’मध्ये २६.२ टक्के. एकाच शाळेत वरच्या वर्गाकडे जावे तसतसे प्रमाण वाढत जाई.

येथे ‘बिघडणे’ म्हणजे नेमके काय, ते पाहू. निकटदृष्टितेत बहुधा नेत्रगोल पुढून मागे थोडा जास्त लांब वाढतो. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते. डच शास्त्रज्ञ डॉन्डर्स यांनी १८६४ च्या ग्रंथात हा विषय नीट मांडला होता. लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. नंबर फार वाढला तर पुढे दृष्टिपटल सुटण्याचा धोकाही वाढतो. वाचून डोळे चुरचुरणे हा मात्र वेगळा प्रकार. तो विश्रांतीने जातो. पालकांच्या प्रश्नात या दोन्ही गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात.

कोन केवळ डोळे मोजून थांबला नाही. त्याने बाके मोजली, खिडक्या मोजल्या. अरुंद गल्लीत, समोर उंच इमारती असलेल्या अंधाऱ्या शाळांत निकटदृष्टी मुले अधिक, असे त्याला दिसले. त्याने अर्थ असा लावला : उजेड कमी, म्हणून मूल वहीवर वाकते आणि जवळून पाहण्याचा ताण डोळ्याला लांबवतो. मग त्याच्या मागण्या आल्या. खिडक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या किमान एक पंचमांश हवे, छपाईचे अक्षर बारीक नको, बाक मुलाच्या उंचीचे हवे. उजेड डाव्या हाताने यावा हा नियम आपल्यापैकी अनेकांनी शिक्षक-प्रशिक्षणात वाचला असेल. तो याच काळातील चर्चेत रुजला.

कोनची मोजणी पक्की होती. पण खेड्यातील जे मूल कमी वाचत होते, ते उरलेल्या वेळात काय करत होते? ते शेतात, रस्त्यावर, उघड्यावर होते. वाचणे आणि घरात असणे ही जोडी त्या तक्त्यात सुटी करता येत नव्हती, आणि ती सुटी करायला पुढे जवळजवळ दीड शतक लागले.

मधल्या काळात वारे फिरले. १९१३ मध्ये स्वित्झर्लंडच्या आडोल्फ श्टायगर याने निकटदृष्टिता आनुवंशिक असल्याचे मांडले आणि ते मत बराच काळ टिकले. त्याला मोठा धक्का १९६९ मध्ये अलास्कातील बॅरो येथून मिळाला. तेथील एस्किमो समाजात शाळा नसताना वाढलेल्या १३१ प्रौढांपैकी फक्त दोघे निकटदृष्टी होते. त्यांच्या शाळेत गेलेल्या मुला-नातवंडांत मात्र निम्म्याहून अधिक. दोन पिढ्यांत जनुके एवढी बदलत नाहीत.

पडद्याची भीती आली ती याच सुमारास, पण वेगळ्या दाराने. १९६७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या काही मोठ्या रंगीत दूरचित्रवाणी संचांतून मर्यादेपेक्षा जास्त क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे उघड झाले आणि पुढच्याच वर्षी कायदा झाला. आजच्या सपाट पडद्यात ती चित्रनलिकाच नाही. पुढे संगणक आला. १९९३ मध्ये दोन जपानी संशोधकांनी कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या पापण्यांची उघडझाप मोजली : स्वस्थ बसले असता मिनिटाला सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १०, पडद्यापुढे ७. डोळे कोरडे पडून चुरचुरतात ते यामुळे. पुस्तकही यात फार मागे नाही, हे लक्षात घ्या.

गाठ सुटू लागली २००८ मध्ये. सिडनी आणि सिंगापूर येथील चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना झाली. निकटदृष्टिता सिंगापूरमध्ये २९ टक्के, सिडनीत ३.३. गंमत अशी की आठवड्याला पुस्तके सिडनीची मुलेच अधिक वाचत होती. फरक होता तो बाहेर घालवलेल्या वेळात : सिडनीत आठवड्याला पावणेचौदा तास, सिंगापूरमध्ये तीन. मग चीनमधील ग्वांगझाऊच्या बारा शाळांत प्रयोगच झाला. निम्म्या शाळांनी रोज चाळीस मिनिटांचा उघड्यावरचा एक जादा तास ठेवला. तीन वर्षांत तेथे नव्याने निकटदृष्टी झालेली मुले ३०.४ टक्के होती, इतर शाळांत ३९.५. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

कारणही बरेचसे दिसते आहे. सावलीतही बाहेरचा उजेड कित्येक हजार लक्स असतो, वर्गात जेमतेम काही शे. भरपूर उजेडात दृष्टिपटलात डोपामीन अधिक स्रवते आणि ते नेत्रगोलाची लांबी आवरते, असे प्राण्यांवरील प्रयोगांवरून मानतात. म्हणून वाचन अगदी निर्दोष ठरते असे नाही. शिक्षणाची वर्षे वाढली की नंबर वाढतो, असे ब्रिटनमधील जनुकीय अभ्यासातून २०१८ मध्येही दिसले.

आणि पडदा? २०२० मध्ये महासाथीने शाळा बंद झाल्या. चीनच्या फेइचेंग शहरात सहा वर्षांच्या मुलांतील निकटदृष्टिता आधीच्या पाच वर्षांत कधी ५.७ टक्क्यांवर गेली नव्हती. त्या वर्षी ती २१.५ झाली. मुले पडद्यापुढे होती हे खरे, पण ती दारे लावून घरातही होती. कोनच्या तक्त्यातली जोडी पुन्हा एकत्र! माझ्या मते या आकड्यांवरून एकट्या पडद्याला आरोपी करणे घाईचे आहे.

ग्वांगडोंग प्रांतातील संशोधकांनी तर वर्गखोलीच वेगळी बांधून पाहिली. भिंती आणि छप्पर बहुतांशी प्रकाश आत सोडणारे. आतला उजेड बाहेरच्या उजेडाच्या जवळ जाणारा. २०१७ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध झाली. एक पंचमांश खिडक्या मागणाऱ्या कोनला ती खोली दाखवायला हवी होती.