रॅफ्लेशियाची वंशावळ : दोन साक्षींचा झगडा

१/ मे १८१८. सुमात्रा बेटावर मान्ना नदीकाठच्या अरण्यातून इंग्रजांची एक तुकडी चालली होती. तीत बेंकूलेनचे लेफ्टनंट गव्हर्नर स्टॅमफर्ड रॅफल्स, त्यांच्या पत्नी सोफिया आणि निसर्गशास्त्रज्ञ डॉ. जोसेफ अर्नोल्ड होते. एका मलय सेवकाने अर्नोल्ड यांना घाईने बोलावून नेले. झुडपांखाली, जमिनीलगत, एक फूल उमलले होते. रुंदी सुमारे एक वार, वजन सुमारे सात किलो.

२/ पान नाही, खोड नाही, मूळ नाही. केवळ फूल, मांसासारखा वास आणि भोवती घोंघावणाऱ्या माश्या. अर्नोल्ड त्याच वर्षी तापाने वारले. १८२० मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे या वनस्पतीवर निबंध वाचला. ‘रॅफ्लेशिया अर्नोल्डी’ या नावात गव्हर्नर आणि डॉक्टर दोघेही अमर झाले. फूल दाखवणाऱ्या सेवकाला त्या नावात जागा मिळाली नाही.

३/ नाव मिळाले, पण कूळ मिळेना. वनस्पतीचे कूळ ठरते ते पान, खोड, फूल, फळ यांच्या साम्यावरून. आपल्याकडच्या अमरवेलीची पाने गेली आहेत, तरी फुलावरून ती रताळ्याच्या कुळातली हे ओळखता येते. रॅफ्लेशियाने तीही सोय ठेवली नाही. द्राक्षकुळातील टेट्रास्टिग्मा नावाच्या वेलीच्या आत ती तंतुरूपाने राहते, अन्नपाणी तिचेच घेते आणि फक्त फुलण्यासाठी बाहेर येते. फूलही इतके बदललेले की कोणाशी जुळेना. घराण्याचे सगळे दफ्तरच जळून जावे, तशी ही गत.

४/ मग अभ्यासकांनी एक तोड काढली. सायटिनस, मित्रास्टेमॉन, अ‍ॅपोडँथीस अशा इतर पर्णहीन परजीवी वनस्पती रॅफ्लेशियासोबत एकाच गटात बसवल्या. राहणी सारखी, म्हणजे रक्तही एक असणार, असा हा तर्क. तो दीर्घकाळ टिकला, कारण त्याला खोडून काढील असा कागद कोणाकडे नव्हता.

५/ तो कागद जनुकांत सापडला. डीएनए हा चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. पिढ्यान्‌पिढ्या त्याची नक्कल होते आणि नकलेत अधूनमधून चुका राहतात. एकाच पोथीच्या दोन प्रतींत तीच चूक आढळली, तर त्या बहुधा एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असे संशोधक मानतात. जनुकक्रमांवरून वंशावळ मांडण्याचे तत्त्व नेमके हेच आहे.

६/ १९९३ मध्ये ‘आरबीसीएल’ या जनुकाच्या आधारे सुमारे पाचशे बीजधारी वनस्पतींची वंशावळ मांडली गेली. परंतु हे जनुक असते हरितलवकात, आणि त्याचे काम प्रकाशसंश्लेषणाचे. रॅफ्लेशियाने ते कामच सोडलेले. नेहमीचा साक्षीदार येथे गैरहजर होता.

७/ जानेवारी २००४ मध्ये टॉड बार्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत मलेशियाचे अभ्यासकही होते, तंतुकणिकेतील ‘मॅटआर’ हे जनुक तपासले. तंतुकणिका पेशीला ऊर्जा पुरवते. परजीवीलाही ती लागतेच. उत्तर अनपेक्षित आले. रॅफ्लेशियाचे आप्त माल्पिघिएलीस गणात निघाले. एरंड, आवळा, जवस, कृष्णकमळ ही सगळी त्याच गणातली मंडळी.

८/ काही महिन्यांतच पेच उभा राहिला. चार्ल्स डेव्हिस आणि केनेथ वर्डॅक यांनी तंतुकणिकेतीलच ‘नॅड१’ या जनुकाचा एक भाग वाचला. त्याने रॅफ्लेशियाला थेट द्राक्षकुळात, टेट्रास्टिग्माच्या शेजारी बसवले. एकाच पेशीतील दोन कागद, आणि दोघांत वेगवेगळे कूळ लिहिलेले!

९/ खरा कागद कोणता? उत्तर बहुमताने मिळत नाही. कागद तेथे आला कसा, हे पाहावे लागते. पेशीकेंद्रातील दोन जनुकांची साक्ष ‘मॅटआर’शी जुळत होती. ‘नॅड१’ एकटेच वेगळे बोलत होते. शिवाय ते ज्या वेलीकडे बोट दाखवत होते, तिच्याच शरीरात रॅफ्लेशिया राहते. योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नव्हती.

१०/ निष्कर्ष असा निघाला की ‘नॅड१’चा तो भाग वारशाने आलेलाच नव्हता. यजमान वेलीच्या पेशींतून तो परजीवीच्या पेशींत शिरला होता. आई-बापाकडून अपत्याकडे न जाता शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे गेलेले हे जनुक. घराण्याच्या दफ्तरात परक्या घराण्याचे पान शिवले गेले होते.

११/ २००७ मध्ये डेव्हिस, डॅनियल निक्रेंट आणि सहकाऱ्यांनी अधिक जनुके जमवून कूळ निश्चित केले. रॅफ्लेशियाची शाखा एरंडाच्या कुळातून, युफोर्बिएसीतून, फुटली होती. रबर आणि साबुदाण्याचा टॅपिओका याच घरातले. या कुळातील फुले सहसा अगदी इवलीशी. त्यांच्या अंदाजाने सुमारे ४.६ कोटी वर्षांत या शाखेतील फुलाचा व्यास ७९ पटींनी वाढला.

१२/ जुना गटही मोडला. सायटिनस गेले कापूस-भेंडीच्या गणात, मित्रास्टेमॉन चहाच्या, अ‍ॅपोडँथीस काकडी-भोपळ्याच्या. परजीवीपणा एकदाच जन्मला नव्हता. सपुष्प वनस्पतींत तो किमान दहा-बारा वेळा स्वतंत्रपणे उद्भवला आणि अनेकदा त्याने शरीर जवळपास त्याच रीतीने छाटले. राहणीवरून रक्त ठरवण्याचा तर्क येथे फसला होता.

१३/ कथेचा उत्तरार्ध घडला २०२१ मध्ये. रॅफ्लेशियाच्या आप्तांपैकी सॅप्रिया हिमालयाना ही वनस्पती अरुणाचल प्रदेशच्या जंगलांतही आढळते. तिचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. बहुतेक वनस्पतींत टिकून असलेल्या जनुकांपैकी सुमारे ४४ टक्के तिने गमावली होती, आणि किमान १.२ टक्के जनुके परक्या वनस्पतींकडून आलेली होती.

१४/ या परक्या पानांना आता कोणी फेकून देत नाही. वंश कोणता, या प्रश्नावर त्यांची साक्ष खोटी ठरते. पण या वंशाच्या पूर्वजांनी कोणकोणत्या वेलींच्या आश्रयाने दिवस काढले, या प्रश्नावर तीच पाने बोलतात. तंतुरूपी परजीवीचे जीवाश्म शोधायचे कोठे? त्या जुन्या सहवासाची खूण राहिली ती या उसन्या मजकुरातच.

१५/ बखरीतली तारीख चुकीची निघाली, म्हणून बखर निरुपयोगी ठरत नाही. ती कोणी, कोणाच्या पदरी राहून लिहिली, हे ती सांगतेच. सुमात्राच्या अरण्यातील त्या फुलाचे कूळ १८१८ पासून जवळजवळ दोन शतके अज्ञात होते. ते उलगडले ते एका साक्षीवर भरवसा ठेवून नव्हे. दोन साक्षी भांडल्या, तेव्हा त्या का भांडतात हे विचारले गेले, म्हणून उलगडले.