वस्तुमान अंगचे की उसने? १९६४ मधील एक वाद

दगड ढकलताना तो जो विरोध करतो, तो त्याच्या अंगचा की इतरांकडून आलेला? न्यूटनने जडत्वाचा संबंध निरपेक्ष अवकाशाशी जोडला. एकोणिसाव्या शतकात अर्न्स्ट माखने शंका उपस्थित केली: भोवती तारेच नसतील, तर जडत्वाला अर्थ काय उरतो?

जून १९६४. लंडनच्या रॉयल सोसायटीत केंब्रिजच्या फ्रेड हॉइल यांनी आपला शिष्य जयंत नारळीकर याच्यासह रचलेला गुरुत्वाचा नवा सिद्धान्त मांडला. कोल्हापुरात जन्मलेले नारळीकर तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. या सिद्धान्तात कणाचे वस्तुमान म्हणजे विश्वातील उरलेल्या सर्व कणांच्या प्रभावांची बेरीज. एकाकी कणाला वस्तुमानच नाही! कण असंख्य असले की त्यातून आइन्स्टाइनची समीकरणे निघत. शिवाय गुरुत्व आकर्षकच का, याचेही उत्तर मिळे; आइन्स्टाइनच्या मांडणीत ते निरीक्षणावरून ठरवावे लागते.

या जोडीकडे प्रतिगुरुत्वही होते. हॉइल यांचे विश्व प्रसरण पावे, पण विरळ होत नसे. नवे द्रव्य सतत जन्मे. त्या द्रव्याचा जमाखर्च जुळवी ते ऋण ऊर्जेचे ‘सी-क्षेत्र’, आणि त्याच्याच रेट्याने विश्व फाके.

सभेत बावीस वर्षांचा एक संशोधक विद्यार्थी उठला: स्टीफन हॉकिंग. प्रसरणशील विश्वात ही बेरीज अनंत होते, असा त्याचा आक्षेप. हे कशावरून, असे हॉइल यांनी विचारताच आपण गणित केले आहे, असे त्याने सांगितले. नारळीकरांची आकडेमोड त्याने आधीच पाहिली होती, हा तपशील दंतकथेत सहसा गळतो.

१९६५ मध्ये हॉकिंगचा शोधनिबंध आला. या सिद्धान्तात प्रत्येक कणावर भूतकाळाइतकाच भविष्यकाळातील कणांचाही प्रभाव धरावा लागतो, आणि प्रसरणशील विश्वात भविष्याकडून येणारा वाटा अनंत ठरतो. त्याने एक पळवाटही नोंदवली, ती म्हणजे ऋण वस्तुमान. धन आणि ऋण प्रभाव एकमेकांना छेदतील; मात्र असे द्रव्य कोणी पाहिलेले नव्हते.

त्याच वर्षी पेन्झियस आणि विल्सन यांनी सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारण सापडल्याचे जाहीर केले व स्थिर स्थितीच्या विश्वाचा पाया खचला. नारळीकरांना मात्र त्याच वर्षी पद्मभूषण मिळाले.

१९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांवरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे दिसले. असा वाढता वेग स्थिर स्थितीच्या विश्वातही अपेक्षित होता. पण श्रेय गेले ते कृष्ण ऊर्जेकडे. आइन्स्टाइनने १९१७ मध्ये आणलेला अपकर्षक स्थिरांक हे तिचे सर्वांत साधे रूप.