बादलीतला समुद्र

लोणंदला समुद्र नाही, पण आमचा मान्सून अरबी समुद्रावरूनच येतो. म्हणजे त्याचं तापमान आपल्याही कामाचं! शिडाच्या जहाजांवर ते मोजायचे कसे? बादली सोडायची, पाणी ओढायचं, थर्मामीटर बुडवायचा. १८५३ मध्ये ब्रुसेल्सच्या परिषदेत जहाजांवरच्या नोंदींची एकसारखी पद्धत ठरली. बादली मात्र आधी लाकडी, मग कॅनव्हासची. आणि कॅनव्हासची बादली म्हणजे आपला माठच की राव! पाणी पाझरतं, वाऱ्याने गार होतं, आकडा कमी येतो. उलट इंजिनासाठी आत घेतलेलं पाणी मोजलं की आकडा किंचित जास्त. १९४५ मध्ये अमेरिकी जहाजांच्या इंजिन-नोंदी घटल्या, ब्रिटिश बादल्या वाढल्या आणि समुद्र कागदोपत्री एकदम गार झाला! ही गडबड २००८ मध्ये लक्षात आली. आज आर्गोचे तरंगते सेन्सर २००० मीटर खोलीपर्यंतचे आकडे उपग्रहामार्फत पाठवतात. पण जुना डेटा बादलीचाच. समुद्र किती तापला हे सांगण्याआधी बादली कसली होती, ते विचारावंच लागतं.